हर्षालीचा पक्का अर्ज

२० सप्टेंबर २०२४, शुक्रवार

आज मला न्यायला लष्कराची गाडी आली. ड्रायव्हरने उतरून दार उघडलं. समोरच्या गॅलरीत बोरस्ते वहिनी कपडे वाळत घालत होत्या, त्यांचा हात दोरीवरच राहिला. मी मुद्दाम सावकाश बसले.

कॅम्पातल्या लष्करी डेपोत बायकांच्या छळाच्या तक्रारी ऐकायला एक समिती आहे. तीत एक बाई बाहेरची असावी असा कायदा आहे, ती बाहेरची म्हणजे मी. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं, त्यात सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. अध्यक्षा एक लेफ्टनंट कर्नल बाई आहेत, चाळिशीच्या, हिंदी बोलणाऱ्या. मला 'मॅडमजी' म्हणतात. बाकी दोन पुरुष अधिकारी. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं. त्यात लिहून घेतलं ते असं: गुप्तता पाळायची, तक्रारदाराला किंवा आरोपीला एकटीने भेटायचं नाही, जे सांगतील ते तसंच नोंदवायचं. अठ्ठावीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला हे शिकवायचं म्हणजे गंमतच.

ऑफिसबाहेरच्या फळ्यावर माझं नाव आणि मोबाइल नंबर रंगवलाय, शेवटचं, पण ठळक. चार वर्षांत एकही तक्रार नाही, असं अध्यक्षा अभिमानाने म्हणाल्या. म्हणजे इथली शिस्त चांगली आहे, असं मी म्हटलं. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "शाळेतही तुझ्याकडे तक्रार यायची नाही. पोरी घाबरायच्या." रिटायर झाल्यापासून ह्यांची जीभ फार सैल झाली आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी बेल वाजली. दारात हर्षाली आव्हाड. २०१६ ची दहावी, मराठीत चौऱ्याऐंशी, आणि हस्ताक्षराचं बक्षीस मीच दिलेलं. मूळची सिन्नरकडची. वडील कारभारी आव्हाड डेपोत मजूर होते, अंगावर पेट्यांची थप्पी कोसळून गेले. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर हिला क्लार्कची नोकरी मिळाली. दोन वर्षं परिविक्षा, म्हणजे तोपर्यंत केव्हाही काढता येतं.

चकली खाईना. पर्समधून फुलस्केपचे दोन कागद काढले, दोन्ही बाजूंनी भरलेले. म्हणाली, "बाई, फळ्यावर तुमचं नाव वाचलं म्हणून लिहिलं. नायतर लिहिलंच नसतं."

वाचताना माझेच कान तापले. बारा ऑगस्टला शेड नंबर चारमध्ये वार्षिक मोजदाद चालू होती. तिथले सुभेदार राकेश यांनी शटर ओढून घेतलं आणि पुढचं सगळं. सगळं म्हणजे अगदी सगळं. कुठला हात, कुठे, काय बोलले. ते शब्द मी माझ्या स्वतःच्या वहीतही उतरवणार नाही. मी विचारलं, अगं, कुठला हात हे लिहायलाच हवं का? तर म्हणते, "तसंच झालं ना पण, बाई."

तिला समजावलं. हा अर्ज दोन पुरुष अधिकारी वाचणार, क्लार्क टाइप करणार, कँटीनमध्ये चर्चा होणार. उद्या तुझ्या लग्नाचं बघायचंय. सभ्य माणसाला सभ्य शब्दांतच दाद मिळते. तिने मान हलवली. पहिल्यापासून ऐकणारी मुलगी. रविवारी ये म्हटलं, आपण नीट लिहू.

एकटीने भेटायचं नाही हा नियम लक्षात आहे. पण तो परक्या माणसांसाठी असावा. ही तर माझी विद्यार्थिनी.

१० नोव्हेंबर, रविवार

मी सांगितलं, तिने लिहिलं. सात ओळी. 'दि. १२ ऑगस्ट रोजी कामाच्या ठिकाणी सुभेदार राकेश यांनी माझ्याशी अनुचित वर्तन केले. त्यामुळे मला तीव्र मनस्ताप झाला. तरी योग्य ती चौकशी व्हावी, ही नम्र विनंती.' अक्षर अजून तसंच, ओळीवर बसलेलं. वाचून इतकं बरं वाटलं. एवढ्या घाणेरड्या प्रसंगावर इतका स्वच्छ अर्ज कुणी लिहिला नसेल.

पक्का झाला की कच्चा फाडायचा, ही माझी शाळेपासूनची सवय. कच्चं शिल्लक राहिलं की घोळ होतो. चार तुकडे करून टोपलीत टाकले. तिने हात पुढे केला होता, मग मागे घेतला. "राहू द्यायचा का तो, बाई?" म्हणाली. मी म्हटलं, दोन कागद असले की दोन गोष्टी होतात, आपली गोष्ट एकच असावी.

ती गेल्यावर ह्यांनी विचारलं काय फाडलंस. मी मोघम सांगितलं. ह्यांचा जन्म नोटांच्या प्रेसमध्ये गेला. म्हणाले, "आमच्याकडे खराब झालेला कागदसुद्धा फाडायला तीन सह्या लागायच्या." प्रत्येक गोष्टीत प्रेस आणायची ह्यांना खोड आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज रीतसर दाखल झाला. अध्यक्षांनी भाषांतर करून घेतलं होतं. म्हणाल्या, फार संयमाने लिहिलंय, मुलगी सुसंस्कृत दिसते. माझेच शब्द आहेत हे सांगता येईना, पण आतून सुखावले.

निघताना व्हरांड्यात सुभेदार दिसले. चोवीस वर्षं नोकरी, छातीवर पट्ट्या, मिशा विंचरलेल्या. मला दोन्ही हात जोडून 'राम राम माताजी' म्हणाले. माणूस चेहऱ्यावरून कळत नाही हे खरं, पण मला तो बरा वाटला हेही खरं.

हर्षालीला शेडमधून हलवून गेटजवळच्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. तिच्या भल्यासाठीच. तिथे पंखा नाही आणि डबा खायला सोबत कुणी येत नाही, असं तिने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, थोडं सोसावं लागतं. आणि आता मला फोन करू नकोस, नियमात बसत नाही.

४ डिसेंबर, बुधवार

आज तिचा जबाब होता. आजचा दिवस जरा नीट लिहिते.

पांढरी ओढणी, केस घट्ट बांधलेले. अध्यक्षांनी विचारलं काय घडलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागली. सात ओळी नाही, तेच सगळं, कच्च्यातलं. शटर, गळ्यावरचा हात. मला वाटलं होतं अर्ज वाचून दाखवेल आणि बसेल. पुरुष अधिकारी टेबलाकडे बघत होते. एवढ्यात अध्यक्षांनी तिला थांबवलं. यातलं काहीच अर्जात नाही, म्हणाल्या. अर्जात फक्त अनुचित वर्तन आहे. ते ओरडणंसुद्धा असू शकतं. मग हे आज कुठून आलं?

हर्षालीने पर्स मांडीवर ओढली.

अध्यक्षांनी विचारलं, हा अर्ज तुला कुणी सांगितला? कुणाच्या सांगण्यावरून लिहिलास?

तिने माझ्याकडे पाहिलं. दहा-पंधरा सेकंद तरी. वर्गात उत्तर येत असूनही बोट वर न करणाऱ्या मुली बघतात, तसं. माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता, त्याच्यावर जाळीचं झाकण होतं, मण्यांचं. मी ते पाहत होते. मी तेव्हा म्हणू शकले असते. एका वाक्याचं काम होतं.

ती म्हणाली, "मीच लिहिला. माझ्या मनानंच."

मग अध्यक्षांनी सांगितलं, जेवढं अर्जात आहे तेवढ्यावरच बोल. त्यावर बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. सही करून गेली.

घरी येईपर्यंत मला एकच वाटत होतं, की पोरीने आपल्या बाईंचं नाव घेतलं नाही. आजकाल अशा मुली मिळत नाहीत. संस्कार म्हणतात ते हेच. हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं, पण गुप्ततेची शपथ आहे.

५ डिसेंबर

बोलायला हवं होतं का? बोलले असते तर पहिला प्रश्न, तुम्ही तिला घरी भेटलात कशा. दुसरा, तुम्ही कागद का फाडलात. समितीतून काढलं असतं, वर्तमानपत्रात नाव आलं असतं. आणि तिचा अर्ज तर त्याहूनही कमकुवत ठरला असता. तेव्हा गप्प राहिले ते तिच्याच हिताचं होतं. तीन वेळा विचार केला, तीनही वेळा हेच उत्तर आलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

सुभेदारांचा जबाब. शांत माणूस, आवाज चढला नाही. म्हणाले, मोजणीत तिचा आकडा चुकला, मी रागावलो, मोठ्याने बोललो. मुलीसारखी आहे म्हणून बोललो. तिला ते अनुचित वाटलं असेल तर मी माफी मागतो. माझ्या सात ओळी आणि त्यांचा जबाब एकमेकांत असे बसले, जसं डब्यावर झाकण बसतं. मी कुणाला मदत केली, असं एक क्षण मनात आलं. तो विचार लगेच टाकून दिला.

साक्षीदार राजू पॅकर, दीड वर्षात रिटायर होणार. शटर निम्मं खाली होतं म्हणाला, ऊन येतं म्हणून. आत काही आरडाओरडा? "नाय साहेब. पोरगी मोठ्यानं पेट्या मोजत होती. एकशे दहा, एकशे अकरा, असं. काम चालू होतं." एक अधिकारी म्हणाले, मग झालंच. संकटातली बाई आकडे मोजत बसत नाही.

मी तेव्हा पाणी प्यायले. ग्लास अख्खा संपवला.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

अहवालावर सह्या झाल्या. निष्कर्ष: तक्रारीत नसलेल्या गंभीर बाबी जबाबात नंतर घुसडल्या, साक्षीदाराचा दुजोरा नाही, सबब तक्रार हेतुपुरस्सर खोटी. खोटी ठरली की तक्रारदारावर कारवाईची शिफारस करता येते, तशी केली. मी एवढंच म्हटलं की सिद्ध झाली नाही आणि खोटी आहे, यात फरक आहे. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, मॅडमजी, तुमचं वेगळं मत असेल तर खाली जागा आहे, जरूर लिहा. फक्त त्याची कारणं द्यावी लागतील. पण एकमत असलेलं दिसायला बरं.

कारण माझ्याकडे एकच होतं.

खालची जागा चार बोटं रुंद होती. मी सही वर केली. चहाबरोबर आज काजू होते. मार्चमध्ये छळाच्या प्रतिबंधावर कार्यशाळा आहे, त्यात तुम्हीच बोला, असं अध्यक्षा म्हणाल्या.

२० जानेवारी, सोमवार

हर्षालीची नोकरी गेली. परिविक्षेतली असल्याने नोटिशीचीही गरज नव्हती.

हे मला तिच्या आईकडून, कुसाबाईंकडून कळलं. त्या दुपारी घरी आल्या, पिशवीत गावाकडचा हरभरा, पाला-मुळांसकट. मला वाटलं भांडायला आल्या. त्या वाकून पायाच पडल्या.

"पोरगी सांगत व्हती, समद्या कमिटीत बाई एकल्याच आपल्या व्हत्या. आपलं नशीबच फुटकं, त्याला तुमी काय करणार? तिचा बाप तिथंच गेला, आन तिची भाकर बी तिथंच गेली."

मी त्यांना उठवलं. चहा दिला. त्या बशीत ओतून प्यायल्या आणि विचारू लागल्या की खोटारडी म्हणून कागदावर आलंय, ते पुसता येतं का, कारण दिंडोरीच्या स्थळाने निरोप पाठवलाय की चौकशी करून कळवतो. मी म्हटलं, वेळ जाऊ द्या, लोक विसरतात. त्यांनी मान हलवली. लेकीसारखीच मान हलवतात.

हे आतल्या खोलीतून ऐकत होते. कुसाबाई गेल्यावर बाहेर आले, हरभऱ्याची पिशवी उचलली आणि काही न बोलता सोलायला बसले. मला कुणी इतकं कधी बोललं नव्हतं. मी चिडले. म्हटलं, बोला ना काय बोलायचंय ते. तर म्हणाले, "मी काय समितीत आहे?"

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मोबाइलवर हर्षालीचा निरोप आला. चार फोटो. कच्च्या अर्जाची चारही पानं.

खाली लिहिलंय: 'बाई, हा पहिला अर्ज. तुमच्याकडे येण्याआधी फोटो काढला होता. वकील म्हणतात नव्वद दिवसांत अपील करता येतं, तीन एप्रिलपर्यंत. पण नुसत्या फोटोवर ते म्हणतील नंतर बनवला. हाच माझा पहिला अर्ज होता आणि तो तुम्ही वाचला होता, एवढ्या दोन ओळी तुम्ही लिहून दिल्या तर टिकेल. तुमचं नाव येईल म्हणून विचारते. तुमची हरकत नसेल तरच.'

म्हणजे फोटो तिच्याकडे चार डिसेंबरलाही होता. पर्समध्ये फोन घेऊनच आत आली होती. दाखवला असता तर मी तिथल्या तिथे उघडी पडले असते. दाखवला का नाही? कशाची वाट बघत होती?

फोटो मोठा करून पुन्हा वाचला. आता लिहितेच इथे. कुणाला दाखवायची नाहीये ही वही.

'त्यांनी पायाने शटर खाली ओढलं. डाव्या हाताने माझा गळा धरला, उजवा हात कुडत्यात घातला. भीतीने मला ओरडता येईना, म्हणून मी पेट्या मोठ्याने मोजत राहिले. बाहेर राजूकाका होते. नुसतं मोजणं ऐकून तरी ते आत बघतील असं वाटलं. एकशे चौदाला त्यांनी तोंड दाबलं.'

राजू एकशे अकरा म्हणाला होता. मला तेव्हाच आठवलं होतं.

लाज वाटते. हे लिहिते आणि थांबते.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन ओळी काही अवघड नाहीत. लिहिल्या आहेत. 'हर्षाली आव्हाड हिचा मूळ अर्ज मी वाचला होता व तो मी फाडला.' हे फारच उघडं वाटतं. वाचणाऱ्याला वाटेल मी गुन्हेगारच आहे. संदर्भ द्यायला हवा, माझा हेतू, माझी अठ्ठावीस वर्षं. आता दीड पान झालंय. अजून एकदा हात फिरवून मगच देईन. घाईने दिलेल्या कागदाने नुकसानच होतं.

तिला कळवलं की लिहिते आहे. लगेच दोन निळ्या खुणा झाल्या. 'थँक यू बाई' आलं.

७ मार्च, शुक्रवार

महिला दिन उद्या, पण उद्या शनिवारची सुट्टी, म्हणून आजच साजरा केला. डेपोच्या सभागृहात शंभरेक बायका, मागे जवानही बसवले होते. सुभेदार राकेश पाण्याच्या बाटल्यांची व्यवस्था बघत होते. व्यवस्था चोख होती.

मी पाऊण तास बोलले. एका मुलीने विचारलं, तक्रार कुठल्या शब्दांत लिहायची? मी म्हटलं, जसं घडलं तसं, त्याच शब्दांत. कुणी कितीही सांगितलं तरी सौम्य करू नका. आणि पहिला कागद कधीही फाडू देऊ नका. सभागृहात टाळ्या पडल्या. अध्यक्षा कानात म्हणाल्या, तुम्ही अगदी मनापासून बोललात. खरंच मनापासून बोलले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते फोटोतही दिसतं आहे.

शाल, श्रीफळ, आणि समितीची मुदत आणखी तीन वर्षं. गाडीत बसल्यावर आठवलं, की हर्षालीचा कागद अजून झाला नाही.

२७ मार्च, गुरुवार

दोनदा फोन आला, घेतला नाही. कागद तयार आहे, सहीच राहिली आहे. सही केली की समितीवरची मुदत संपली, शाल गेली, शाळेतल्या फोटोखालचं नावसुद्धा लोक वेगळ्या नजरेने वाचणार. एका मुलीची नोकरी गेली हे वाईटच. पण ती चोवीस वर्षांची आहे, तिला पुढे खूप दिवस आहेत. मी एकसष्ट वर्षांची, माझ्याकडे नावाशिवाय आहे काय? हे स्वार्थाचं आहे हे मला कळतं. कळतं म्हणजे मी अगदीच वाईट नसावे.

३ एप्रिल, गुरुवार

आज शेवटचा दिवस.

सकाळी नऊला तिचा निरोप आला: 'बाई, मी आणि आई कोर्टाच्या फाटकाशी थांबतो, सीबीएस स्टँडच्या समोर. वकील चारपर्यंत आहेत. सही केलेला कागद मिळाला तरी पुरे, तुम्ही आत यायला नको.'

ह्यांनी वाचलं. रिक्षा बोलावू का, विचारलं. मी म्हटलं थांबा, मी सांगते. अकराला विचारलं, एकला विचारलं. नंतर विचारलं नाही. तीनला चप्पल घालून एकटेच कुठेतरी निघून गेले. मी कागद पिशवीत घातला, काढला, पुन्हा वाचला. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य जरा जास्त झालं होतं. ते कमी करून पुन्हा उतरवावं असं वाटलं. पेन घेतलं आणि घड्याळ बघितलं, तर चारला दहा मिनिटं कमी होती. नाशिकरोडहून सीबीएसला दहा मिनिटांत कुणी पोचत नाही. हे कुणालाही पटेल.

चार वाजले. साडेचारला निरोप आला.

'बाई, वकील गेले. ऊन फार आहे. तुम्ही निघाला असाल तर आता येऊ नका, उगाच त्रास होईल.'

मी सकाळी दहापासून साडी नेसून तयार बसले होते. हे खरं आहे, म्हणून लिहून ठेवते.